डायनासोरच्या काळात गवत होतं!
डायनासोरच्या काळी गवत नव्हतंच, असं आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो. ते खोटं ठरलं आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्यात. तिथं डायनासोरची दगड झालेली विष्ठा सापडते. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात गवताच्या पेशींच्या आकाराचे सिलिकाचे, म्हणजे वाळूतल्याच खनिजाचे, कण दिसले. (गवताचं पातं बोट कापतं, ते याच सिलिकामुळे.) २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात गवताचे किमान पाच प्रकार ओळखले गेले, भाताचे दूरचे नातलगसुद्धा! केवढी मोलाची ठेव ही.

गैरसमज झाला तो कुरणांमुळे. तेव्हा गवत होतं, पण झाडाझुडपांच्या सोबतीनं. डायनासोर संपल्यावर खूप नंतर हवा थंड-कोरडी होत गेली, तशी अफाट कुरणं पसरली. हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांच्या भागात तर जेमतेम ७०-८० लाख वर्षांपूर्वी.