शिष्यवृत्ती, समाजसेवा आणि मराठवाड्यातील विद्यार्थी: फेलोशिपमागची पार्श्वभूमी

शासन, विद्यापीठे आणि स्वयंसेवी संस्था आज तरुणांना ज्या समाजाभिमुख फेलोशिप देतात, त्यांची मांडणी साधारण सारखीच असते. ठराविक मुदतीसाठी मानधन मिळते, त्या काळात गावात किंवा शासकीय यंत्रणेत प्रत्यक्ष काम करावे लागते आणि त्या अनुभवातून तरुणाची जडणघडण व्हावी अशी अपेक्षा असते. मराठवाड्यात मात्र शिक्षणासाठीचे आर्थिक पाठबळ आणि विद्यार्थ्याने समाजासाठी करायचे काम या दोन गोष्टी बराच काळ वेगवेगळ्या वाटांनी वाढल्या. त्या एकत्र यायला इतका वेळ का लागला, हे पाहिल्याशिवाय आजच्या योजनांचे मोल नीट ठरवता येणार नाही.

या प्रदेशाची सुरुवातच वेगळी होती. मुंबई इलाख्यात पेशवाईतील दक्षिणा निधीचे, म्हणजे विद्वानांना दक्षिणा देण्यासाठीच्या निधीचे, पुढे फेलोशिपमध्ये रूपांतर झाले आणि न्यायमूर्ती रानडे, डॉ. रा. गो. भांडारकर यांच्यासारखे विद्वान आरंभीच्या काळात दक्षिणा फेलो होते. निजामाच्या राज्यात असलेल्या मराठवाड्याला असा कोणताही वारसा मिळाला नाही. 1918 मध्ये स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ हैदराबादेत होते आणि तेथील शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. मराठी भाषक शेतकरी कुटुंबातील मुलासाठी उच्च शिक्षण म्हणजे घर, भाषा आणि ऐपत या तिन्हींच्या पलीकडची मजल होती. त्यामुळे शिक्षणाची तहान भागवण्याचे काम हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेसारख्या आणि अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयासारख्या संस्थांवर पडले. या शाळांशी जोडलेल्या स्वामी रामानंद तीर्थांनी अध्यापन आणि लोकसेवा यांत कधी भेद केला नाही. वंदे मातरम् म्हणण्यावरील बंदीविरुद्धच्या 1938 च्या चळवळीत औरंगाबाद आणि हैदराबाद येथील विद्यार्थ्यांनी वसतिगृहे व महाविद्यालये सोडण्याची वेळ पत्करली, तेव्हा त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. समाजासाठी काही करायचे तर शिक्षणच पणाला लावायचे, असा त्या पिढीचा अनुभव होता.

दुसरा प्रवाह डॉ. बाबासाहेब आंबेडकरांपाशी सुरू होतो. 1913 मध्ये सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता दिली आणि शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानाची सेवा करण्याचा करार करून घेतला. शिष्यवृत्ती आणि सेवा यांची सांगड एका लेखी करारात इतक्या स्पष्टपणे घातलेली असूनही जातीयतेमुळे बाबासाहेबांना बडोद्यात राहायला साधे घरही मिळाले नाही आणि ती सेवा अपुरी राहिली. पैसा आणि सदिच्छा असूनही समाज जागा देणार नसेल तर सेवेचा करार कागदावरच राहतो, हा या प्रसंगाचा अर्थ आजच्या योजनाकारांनीही लक्षात घ्यावा असे मला वाटते. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी तीन लाख रुपयांची तरतूद मिळवली. 1944 पासून सुरू असलेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आजही अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांचा मोठा आधार आहे. 1950 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. मिलिंद या नावाने ओळखल्या गेलेल्या या महाविद्यालयाच्या वसतिगृहांत खेड्यापाड्यांतून आलेली जी मुले शिकली, त्यांच्या हातात ही शिष्यवृत्ती नसती तर मराठवाड्याचा पुढचा सामाजिक इतिहास वेगळा झाला असता.

सेवेचा प्रवाह मात्र दिल्लीतून आला. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने स्वातंत्र्यानंतर लगेच विद्यार्थ्यांच्या स्वेच्छा राष्ट्रीय सेवेची सूचना केली. 1959 मध्ये डॉ. चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सेवा समिती नेमली गेली, 1960 मध्ये के. जी. सैयदेन यांनी अन्य देशांतील अशा सेवांचा अभ्यास केला आणि कोठारी आयोगानेही तोच विषय पुढे नेला. अखेर गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 रोजी, 37 विद्यापीठांत 40,000 स्वयंसेवकांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. दोन वर्षांत 240 तासांचे काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर हा राष्ट्रीय सेवा योजनेचा (रासेयो) आजचा सांगाडा आहे. मात्र स्वयंसेवकाला मानधन नाही, हे या योजनेत पहिल्यापासून गृहीत होते. अनेक वर्षे नियमित उपक्रमांसाठी प्रति स्वयंसेवक वर्षाला 250 रुपये आणि शिबिरासाठी 450 रुपये इतकेच अनुदान होते, आणि तेवढ्यात जेवण, प्रवास, साहित्य सगळे भागवण्याची कसरत कार्यक्रम अधिकाऱ्यांना करावी लागे.

23 ऑगस्ट 1958 रोजी स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाच्या (आताचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ) विद्यार्थ्यांची खरी कसोटी 1972 च्या दुष्काळात लागली. 1973 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रभर सुमारे 50 लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. ज्या मुलांचे आईवडील खडी फोडत होते, तीच मुले महाविद्यालयांच्या पटावर होती, आणि त्याच सुमारास रासेयोच्या शिबिरांचा विषय होता ‘दुष्काळाविरुद्ध युवक’. दुष्काळग्रस्त घरातला विद्यार्थी बांधबंदिस्तीच्या कामावर विनामोबदला श्रमदान करतो आणि त्याच वेळी त्याच्या घरच्यांना मजुरीची भ्रांत असते, ही विसंगती योजनेच्या चौकटीत कुठेच बसत नव्हती. 1974 च्या मराठवाडा विकास आंदोलनात विद्यार्थी अग्रभागी होते, ते याच परिस्थितीतून आले होते. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत ठिकठिकाणचे विद्यार्थी मदतकार्याला धावले. तातडीच्या मदतीचे दिवस सरल्यानंतर मात्र 52 गावांच्या पुनर्वसनाचे काम वर्षानुवर्षे चालणारे होते, आणि तेथे काही दिवसांचे शिबिर पुरणार नव्हते. टाटा समाजविज्ञान संस्थेने 1986 मध्ये तुळजापूरला सुरू केलेला ग्रामीण परिसर आणि डॉ. द्वारकादास लोहिया यांनी 1982 मध्ये अंबाजोगाईत उभी केलेली मानवलोक ही स्वयंसेवी संस्था यांनी तरुणांना गावात दीर्घकाळ राहून काम करण्याची जी शिस्त लावली, तिचे महत्त्व म्हणूनच मोठे आहे.

मानधनासह सेवा ही कल्पना शासनाने टप्प्याटप्प्याने स्वीकारली. 1977-78 मध्ये राष्ट्रीय सेवाकर्मी योजना आली, तर 2010-11 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय युवा कोरमध्ये प्रत्येक तालुक्याला साधारण दोन तरुण नेमले जाऊ लागले. त्यांचे मानधन आरंभी दरमहा 2,500 आणि नंतर 5,000 रुपये होते. 2015 मध्ये महाराष्ट्रात मुख्यमंत्री फेलोशिप सुरू झाली, मध्यंतरी ती खंडित झाली आणि 2023 मध्ये पुन्हा आली. दरम्यान संशोधनाच्या बाजूला बार्टी (अनुसूचित जातींसाठी), सारथी (मराठा-कुणबी समाजासाठी) आणि महाज्योती (इतर मागास व भटक्या-विमुक्तांसाठी) या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तींमुळे मराठवाड्यातील अनेक पीएच.डी.चे विद्यार्थी विद्यापीठ परिसरात टिकून राहू शकले. विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती 2023 पासून दरमहा 37,000 रुपये झाली. संशोधनाला न्याय्य मोबदला मिळतो आहे, हे योग्यच आहे. गावात राहून केलेल्या कामाची किंमत मात्र त्याच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढी धरली गेली, आणि ती तशी धरण्याचे समर्थन करता येईल असे कोणतेही कारण मला दिसत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजसहभाग यांना श्रेयांक मिळू लागले आहेत. त्यामुळे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आणि 1994 मध्ये स्थापन झालेले नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ यांच्या संलग्न महाविद्यालयांत समाजकार्याला अभ्यासाचे स्थान मिळाले. श्रेयांकाने गुणपत्रिका भरते, पण गावाला जाण्याचे एसटीचे भाडे आणि सुटीत बुडणारी मजुरी भरून निघत नाही. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातील मुलगी किंवा सुटीत दुकानात काम करून खोलीभाडे देणारा मुलगा या कामात उतरावा, यासाठी मानधनाची सोय अजून स्वतंत्रपणेच करावी लागते. मुख्यमंत्री फेलोशिपच्या जागा संपूर्ण राज्यासाठी 60 आहेत, तर एकट्या मराठवाड्यात 76 तालुके आहेत. राष्ट्रीय युवा कोरच्या, तालुक्याला दोन या जुन्या प्रमाणाने हिशोब केला तरी या आठ जिल्ह्यांसाठी 152 तरुणांची तरतूद लागेल.