बैजिक संख्या सिद्धांत : बेळगाव सीमाभागातील अध्ययन

पूर्णांक सहगुणकांच्या बहुपदींची मुळे पूर्णांकांत मिसळून मोठ्या संख्याप्रणाली उभारायच्या आणि त्यांत अवयव पाडण्याचे नियम शोधायचे, हे या शास्त्राचे काम. विद्यापीठात हा विषय बहुधा एम.एस्सी.च्या पातळीवर भेटतो. गट, वलय, क्षेत्र आणि गाल्वा सिद्धांत ही त्याची पूर्वतयारी.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या मराठी शाळेतून निघालेला विद्यार्थी पदवीनंतर राणी चन्नम्मा विद्यापीठात (स्थापना २०१०), धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात किंवा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात जातो. पदव्युत्तर गणित तिन्हीकडे इंग्रजीत. त्यामुळे वलयाला रिंग आणि क्षेत्राला फील्ड म्हणायची सवय लागते. पण या विषयाचा गाभा ज्या दोन शब्दांत आहे ते त्याने मराठी शाळेतच ऐकलेले असतात : मूळ अवयव आणि मसावि. ते सोडून दिले, तर आयडियल ही कल्पना (मसाविची जागा घेणारा संख्यांचा एक संच) आकाशातून पडल्यासारखी वाटते.

अ + ब√−५ या रूपाच्या संख्या घ्या. अ, ब पूर्णांक. येथे ६ = २ × ३ आणि ६ = (१ + √−५)(१ − √−५). अशा संख्येचे मान अ² + ५ब² धरले, की २, ३ आणि १ ± √−५ यांची माने ४, ९ आणि ६ येतात. गुणाकाराचे मान म्हणजे मानांचा गुणाकार; म्हणून यांपैकी कशाचेही आणखी अवयव पाडायचे, तर २ किंवा ३ मानाची संख्या लागेल. अ² + ५ब² कधीच २ वा ३ होत नाही. म्हणजे ६ चे अवयव खरोखर दोन वेगळ्या तऱ्हांनी पडतात. ही आकडेमोड स्वतःच्या हाताने केल्याशिवाय पुढची व्याख्या वाचू नये.

बिघाड मसाविपाशी आहे. आर्यभटाच्या कुट्टकापासून (पूर्णांकांतली उत्तरे काढण्याच्या पद्धतीपासून) आपण जाणतो, की दोन पूर्णांकांचा मसावि १ असेल, तर त्यांच्या पटींची बेरीज १ करता येते. येथे २ आणि १ + √−५ यांचा मसावि १ आहे, तरी त्यांच्या पटींची कोणतीही बेरीज १ होत नाही : अशा प्रत्येक बेरजेत अ आणि ब दोन्ही सम किंवा दोन्ही विषम असतात. त्या सगळ्या बेरजांचा संच म्हणजेच आयडियल. संख्येच्या रूपात न सापडणाऱ्या मसाविची ती जागा. या आयडियलचा वर्ग केला, म्हणजे त्यातल्या संख्यांचे आपसांत गुणाकार करून त्यांच्या बेरजा घेतल्या, की २ च्या सर्व पटी मिळतात. ६ चे मूळ आयडियलांत (मूळ संख्यांची जागा घेणाऱ्या आयडियलांत) अवयव पाडले, की ते एकाच तऱ्हेने पडतात.

१८४७ मध्ये लामे यांनी फर्माच्या अखेरच्या प्रमेयाची (दोनाहून मोठ्या न साठी क्षⁿ + यⁿ = झⁿ ला धन पूर्णांकांत उत्तर नाही, n म्हणजे न) सिद्धता जाहीर केली, ती अवयव एकाच तऱ्हेने पडतात या गृहीतकावर कोसळली. कुमर यांनी ‘आदर्श संख्या’ कल्पून मार्ग काढला. १८७१ मध्ये डेडेकिंड यांनी त्याला आजचे संचरूप दिले.

सीमाभागाच्या शेजारचा एक धागा याहून जुना आहे. दुसऱ्या भास्कराचार्यांनी आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असल्याचे लिहिले. काही अभ्यासक ते बेळगावच्या ईशान्येचे विजापूर मानतात, काही चाळीसगावजवळचे पाटण. त्यांच्या बीजगणितात (११५०) चक्रवाल पद्धतीने (एकाच रीतीची पुनःपुन्हा आवर्तने करून) क्ष² − ६१य² = १ हे समीकरण सोडवले आहे : क्ष = १७६६३१९०४९, य = २२६१५३९८०. फर्माने हाच ६१ चा प्रश्न १६५७ मध्ये फ्रेंच गणितज्ञ फ्रेनिकल यांच्यापुढे ठेवला. आजच्या अभ्यासक्रमात तो डिरिक्ले यांच्या एकक प्रमेयाखाली येतो; एकक म्हणजे जिचा व्यस्तही त्याच संख्याप्रणालीत असतो अशी संख्या. √६१ च्या क्षेत्रातले मूलभूत एकक, म्हणजे ज्याच्या घातांतून (चिन्ह सोडून) बाकीची सगळी एकके मिळतात ते, (३९ + ५√६१)/२ एवढेच आहे. त्याचा सहावा घात केला, की भास्कराचार्यांचे ते दोन्ही आकडे जसेच्या तसे समोर येतात.