मोबाइलवर भूशास्त्रीय मॅपिंग शिकवणं (कोल्हापूर परिसर)

मोबाइल नाहीतर टॅब हातात घेऊन जागेवरच दगडांचा नकाशा काढायचा, ही भूशास्त्राच्या पोरापोरींना फिल्डवर्कमध्ये शिकवायची पद्धत. पूर्वी १:५०,००० ची टोपोशीट (डोंगर-दऱ्यांची उंची दाखवणारा छापील नकाशा), ब्रंटन कंपास (खडकाची दिशा आणि उतार मोजायचं होकायंत्र), डायरी आणि रंगीत पेन्सिली एवढ्यावर भागायचं. आता क्यूजीआयएस या नकाशाच्या कॉम्प्युटर प्रोग्राममध्ये आधीच बेसमॅप (खालचा मूळ नकाशा) आणि लेयर (त्यावर नोंदी करायचे पदर) करून क्यूफील्ड या मोबाइल अ‍ॅपमध्ये टाकतात, डोंगरात रेंज गेली तरी चालतं, पॉइंट टाकला की लोकेशन, फोटो, नोंद सगळं एकाच जागी. मे २००० मध्ये अमेरिकेनं जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक बंद केली म्हणून हे जमतंय, उघड्यावर साधा फोनपण साधारण पाच मीटरच्या आत जागा दाखवतो.

कोल्हापुरात सरावाला सोयीचा म्हणजे पन्हाळा. खाली दख्खनचा बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेला काळा खडक, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि वर जांभ्याची टोपी. बेसाल्टचे थर जवळजवळ आडवे, त्यामुळं दोन थरांमधली हद्द, म्हणजे कॉन्टॅक्ट, डोंगराला कंटूरसारखी (नकाशातल्या समान उंचीच्या रेषेसारखी) वळसा घालत जाते. खरा गोंधळ इथंच होतो. रस्त्याच्या कटिंगमध्ये कॉन्टॅक्ट डोळ्यांनी दिसतो, पण पुढं झाडी, माती, वरनं घसरलेले जांभ्याचे धोंडे, आणि पोरं काय करतात, तर बोटानं सरळ पुढं रेष ओढून मोकळी! कागदावर दिसलेल्याची रेष सलग आणि अंदाजाची तुटक काढायची सवय हाताला लागलेली असायची, स्क्रीनवर मात्र सगळ्याच रेषा सारख्या ठाम दिसतात. म्हणून लेयर बनवतानाच ‘दिसला’, ‘अंदाज’, ‘झाकलेला’ असा रकाना ठेवायचा आणि तो भरल्याशिवाय नोंद सेव्हच होऊ द्यायची नाही. माझ्या मते पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं तरी बास.

दुसरी भानगड कंपासची. खडकाच्या सपाट तोंडावर फोन टेकवला की उतार नीट मिळतो, दिशा मात्र हमखास चुकते, कारण कव्हरला चुंबक असतो, हातात हातोडा असतो, आणि बेसाल्टमध्येच मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज. एकाच जागी दोन-तीनदा मोजून ब्रंटनशी ताडून बघायचं. जुनी टोपोशीट स्कॅन करून खाली लावली असेल तर तिचा एव्हरेस्ट आधार, म्हणजे जुन्या नकाशांचं अक्षांश-रेखांशाचं गणित, बदलून जीपीएसशी जुळवून घ्यायचा, नाहीतर आपण रस्त्यावर उभे आणि नकाशात शंभरएक मीटर लांब शेतात. उंचीवर तर फोनचा विश्वास धरूच नका, ती कंटूरवरनंच वाचा.

वेगळे खडक बघायचे तर आजरा-गडहिंग्लजकडं जावं लागतं, तिथं ट्रॅपच्या, म्हणजे याच दख्खनच्या बेसाल्टच्या, खाली कलादगी नावाच्या जुन्या खडकगटाचे वाळूखडक आहेत.

संध्याकाळी सगळ्या गटांचे लेयर एकावर एक ठेवायचे. कटिंगपाशी रेषा एकमेकींवर बसतात आणि झाडीत शिरल्या की फाकतात, दुसऱ्या दिवशी सगळ्यांना घेऊन त्याच झाडीत जायचं.