पोहून आल्यावर अकरा वाजता येणारी पेंग

सहाची बॅच, पावणेसातला शॉवर, आठला डबा घेऊन घराबाहेर, आणि अकराला ऑफिसात डोळे मिटायला लागतात. सकाळी पोहणाऱ्यांत ही तक्रार इतकी सर्रास ऐकू येते की काहींना पोहणंच आपल्याला मानवत नाही असं वाटू लागतं. 'लॅक्टिक ॲसिड साचलं' हे त्यावरचं ठरलेलं निदान. जोर लावून पोहल्यावर रक्तातलं लॅक्टेट वाढतं हे खरं, पण साधारण तासाभरात ते मूळ पातळीवर येतं. अकराची पेंग त्याच्या माथी मारता येत नाही. थकवा नेमका किती वाजता गाठतो ते चार-पाच दिवस टिपून ठेवा. कारण बरंचसं त्या वेळेतच सापडतं.

काहींना तो शिडीवरच गाठतो. बाहेर येताच डोकं हलकं होतं, पाय लटपटतात. गळाभर पाण्यात असताना पाण्याचा दाब पायांतलं अर्धा-पाऊण लिटर रक्त छातीकडे ढकलतो. हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात, शरीराचा समज होतो की द्रव जास्त झाला, आणि मूत्रपिंडं कामाला लागतात. पोहताना मध्येच लघवीला लागतं ते यामुळे. बाहेर आलात की दाब एकदम जातो आणि रक्त पुन्हा पायांत उतरतं. त्यावर कढत शॉवर घेतला की त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब आणखी उतरतो. म्हणून शेवटचे 200 मीटर, म्हणजे 25 मीटरच्या तलावात आठ लेंग्थ, अगदी सावकाश पोहा, शिडी हळू चढा आणि शॉवरचं पाणी कोमटच ठेवा.

पाण्यातही घाम येतो, फक्त तो दिसत नाही. किती पाणी गेलं हे कळायला वजनकाटा पुरतो: लघवीला जाऊन आल्यावर, कोरड्या अंगानं, पोहण्याआधी आणि नंतर वजन करा. अर्धा किलो कमी भरलं तर अर्धा लिटर पाणी गेलं समजा आणि पुढच्या दोन-तीन तासांत त्याच्या सव्वा ते दीडपट प्या. ताकात मीठ घालून प्यायलात तर पाणी अंगात जास्त टिकतं. पाण्याची बाटली बॅगेत ठेवून उपयोग नाही, ती तलावाच्या काठावर हवी.

घरी पोचेपर्यंत हुडहुडी भरत असेल तर दोष गारठ्याचा. पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगानं अंगातली उष्णता ओढून घेतं. स्पर्धेच्या तलावात पाणी 25 ते 28 अंशांवर ठेवतात; उघड्या तलावांचं पाणी थंडीच्या दिवसांत त्याच्याही खाली जातं. बाहेर आल्यावर हातापायांतलं गार रक्त मध्यभागी परततं, त्यामुळे पुढची काही मिनिटं अंग आतून गार होतच राहतं. नेमक्या याच वेळी ओले केस घेऊन स्कूटरवर बसणं म्हणजे उरलीसुरली ऊब रस्त्यावर सांडणं. आधी केस कोरडे करा, टोपी-स्वेटर घाला, मगच किल्ली फिरवा. गार पाणी भूकही खवळवतं. 20 अंशांच्या पाण्यात व्यायाम केलेल्यांनी 33 अंशांच्या पाण्यात केलेल्यांपेक्षा नंतर 44 टक्के जास्त कॅलरी खाल्ल्याचं एका प्रयोगात आढळलं होतं.

आता अकराची गोष्ट. यकृतात जेमतेम 80 ते 100 ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, असतं आणि रात्रभर रक्तातली साखर टिकवण्यात त्यातलं बरंच खर्ची पडतं. स्नायूंचा साठा वेगळा, तो झोपेत जवळपास तसाच राहतो, पण स्नायू आपली साखर रक्तात परत सोडत नाहीत. त्यामुळे रिकाम्या पोटी हात चालतात, लेंग्थ पुऱ्या होतात, आणि नंतर डोकं चालेनासं होतं. पाण्यात उतरण्याआधी पंधरा-वीस मिनिटं एक केळं किंवा चार-पाच खजूर खाल्ले की 25 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं मिळतात. बाहेर आल्यावर तासाभरात नीट न्याहारी. 60 किलोच्या माणसाला साधारण 60 ग्रॅम कर्बोदकं आणि 20 ते 25 ग्रॅम प्रथिनं असा हिशोब धरा. 60 ग्रॅम कोरड्या पोह्यांची बशी आणि ग्लासभर दूध यांत कर्बोदकं भागतात. प्रथिनं मात्र 12 ग्रॅमच भरतात. दोन उकडलेली अंडी घ्या, नाहीतर वाटीभर मोड आलेले मूग, म्हणजे आकडा जुळतो. वजन उतरवायला पोहणारे नेमकी हीच न्याहारी गाळतात, मग अकराला वडापाव त्यांना गाठतो.

दुपारी दोन-तीनला मान टाकावीशी वाटत असेल तर मात्र खाण्यापिण्याला बोल लावू नका. तिथे झोप कमी पडते आहे, आणि आमच्या मते सकाळच्या पोहण्यानंतरच्या थकव्यात सगळ्यात मोठा वाटा हाच असतो. 2008च्या बीजिंग ऑलिंपिकआधी ऑस्ट्रेलियाच्या अव्वल जलतरणपटूंची झोप मोजली गेली होती. सकाळी सहाच्या सरावाआधीच्या रात्री त्यांना सरासरी 5.4 तास झोप मिळत होती, सुट्टीआधीच्या रात्री 7.1 तास. रात्री दहाच्या सुमारास अंथरुणावर पडूनही ही गत! प्रौढांना किमान 7 तास लागतात, चौदा ते सतरा वर्षांच्या मुलांना 8 ते 10. सव्वापाचचा गजर असेल तर दहाला झोप लागलेली हवी, म्हणजे पावणेदहाला दिवा बंद. तेवढं जमत नसेल तर आठवड्याच्या सहा दिवसांऐवजी तीनच दिवस पोहा. दुपारची डुलकी 20 मिनिटांची ठेवा, 25 मिनिटांचा गजर लावून. त्याहून लांबली की गाढ झोपेतून उठावं लागतं आणि डोकं जड होतं. दुपारी तीननंतर चहा-कॉफी नको. कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास जातात.

पहाटे शरीराचं तापमान दिवसातलं सगळ्यात कमी असतं, त्यामुळे सहाला अंग आखडलेलं असतं. काठावर पाच मिनिटं खांदे-कंबर फिरवून घ्या, पहिले 200 ते 300 मीटर रमतगमत. वेग 10 टक्क्यांनी वाढवायला सुमारे 33 टक्के जास्त शक्ती लागते, कारण पाण्यात शक्तीचा खर्च वेगाच्या घनानुसार वाढतो. नवख्या माणसाचे पाय बुडतात, तो नांगर ओढल्यासारखा पोहतो आणि अर्ध्या तासात पार थकतो. नजर समोर न ठेवता तळाकडे ठेवा, म्हणजे कंबर वर येते. श्वास पाण्यात सतत सोडत राहा. कोंडून धरला की कार्बन डायऑक्साइड साठतो आणि नंतर डोकं ठणकतं. (गॉगलचा पट्टा फार आवळला तरी ठणकतं, तेही पाहा.) सलग 400 मीटरऐवजी 50 मीटरचे आठ तुकडे करा, मध्ये 20 सेकंद थांबा. दर लेंग्थला हात किती वेळा मारावे लागतात ते मोजा. सुरुवातीला 22 लागत होते आणि आता 27 लागतायत, तर त्या दिवसापुरतं पुरे.

दिवसभर, आठवडे उलटले तरी अंग मोडून येत असेल तर उठल्याउठल्या अंथरुणातच नाडी मोजा. नेहमीपेक्षा 7-8 ठोके जास्त, तेही तीन-चार दिवस सलग, असं दिसलं तर अंतर निम्मं करा. तरीही फरक नाही, किंवा जिना चढताना धाप लागते, तर रक्त तपासा. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही (शरीरातल्या लोहसाठ्याचं माप) लिहून मागा, कारण लोहाचा साठा आधी संपतो आणि हिमोग्लोबिन नंतर उतरतं. आणि न्याहारीच्या पोह्यांवर लिंबू पिळा, त्यानं लोह अंगी लागतं. चहा मात्र तासाभरानंतर, कारण त्यातले टॅनिन तेच लोह अडवतात.