बर्ड फ्लूचा संशयित पक्षी दवाखान्यात आला तर: लागणारे कागद, कळवण्याची पद्धत आणि भरपाई

काही वर्षांपूर्वी एका सकाळी एक आजी बाजाराच्या पिशवीत दोन कोंबड्या घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. बाकावर शेळ्या घेऊन बसलेली माणसं, कोपऱ्यात लसीसाठी आणलेलं कुत्र्याचं पिल्लू, या सगळ्यांतून वाट काढत त्यांनी पिशवी थेट माझ्या टेबलावर ठेवली. एक कोंबडी वाटेतच मेली होती. तुरा काळानिळा, चोचीतून चिकट लाळ. मी उघड्या हातांनीच तिचं डोकं उचलून पाहिलं. पुढे निदान राणीखेतचं, म्हणजे मानमोडीचं निघालं. पण नुसत्या नजरेने राणीखेत आणि बर्ड फ्लू वेगळे करता येत नाहीत, हे शिकलेला माणूस असूनही मी ते डोकं उचललं होतं. तेव्हापासून माझ्याकडे आजारी पक्षी फाटकातच थांबतो.

देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक २००६ च्या फेब्रुवारीत आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला झाला. २०२१ च्या जानेवारीत परभणीजवळच्या मुरुंब्यात कोंबड्या मेल्या. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूमुळे गेले, आणि त्यानंतर महिनाभरात उदगीरला कावळे मरून पडले. शेजारच्या मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात तर पाळीव मांजरांत हा विषाणू सापडला. त्यामुळे ‘आम्ही फक्त कुत्री-मांजरं बघतो’ म्हणणाऱ्या शहरातल्या दवाखान्यालाही यातून सुटका नाही. ताप, धाप आणि झटके एकदम सुरू झालेलं मांजर आलं, तर त्याने मेलेला पक्षी किंवा कच्चं चिकन खाल्लं होतं का, हे विचारायलाच हवं.

दवाखान्याकडे आधीपासून काय असावं

बर्ड फ्लूसाठी वेगळा परवाना नसतो. मात्र दोन कागद जागेवर नसतील तर ऐनवेळी पंचाईत होते. पहिला, महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेची चालू नोंदणी. नूतनीकरण राहून गेलं असेल तर ते आधी उरका. दुसरा कागद बरेच खासगी दवाखाने टाळतात: जैव-वैद्यकीय कचऱ्याचं प्राधिकारपत्र. २०१६ चे नियम पशुवैद्यकीय संस्थांनाही लागू आहेत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नमुना २ मध्ये अर्ज करायचा असतो. त्यासाठी परिषदेचं नोंदणी प्रमाणपत्र, जागेचा पुरावा आणि भागातल्या सामायिक कचरा प्रक्रिया केंद्राशी केलेला करार तयार ठेवा. खाटा नसलेल्या दवाखान्याला हे प्राधिकारपत्र एकदाच घ्यावं लागतं, पण नमुना ४ मधला वार्षिक अहवाल दरवर्षी ३० जूनच्या आत द्यावा लागतो. जनावरांचे अवयव, रक्ताने माखलेला कापूस असा पिवळ्या पिशवीतला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त साठवता येत नाही. केंद्राची गाडी आठवड्यातून एकदाच येत असेल, तर ते करार करतानाच बोलून घ्या.

सरकारी दवाखान्यांनाही कचऱ्याचा हाच नियम आहे.

फाटकापासून मोरीपर्यंत

फाटकावर मोठ्या अक्षरात पाटी लावा: ‘कोंबडी, बदक, कबुतर आजारी किंवा मेलेले असल्यास आत आणू नका, बाहेरून फोन करा.’ खाली नंबर लिहा. अर्धं काम या पाटीनेच होतं. पक्षी आलाच, तर बाहेर सावलीत ठेवून तिथेच विचारपूस करायची: किती पक्षी होते, किती मेले, किती दिवसांत, नवे पक्षी कुठून आणले, जवळ तलाव किंवा पाणथळ आहे का. एकदम मरतूक, निळसर तुरा-कल्ले, डोक्याला सूज, पायांवर रक्ताळ ठिपके, हिरवट जुलाब, अंडी अचानक कमी होणं किंवा मऊ कवचाची येणं, यांतलं काहीही असलं तरी संशय धरायचा. औषध देऊन दोन दिवस वाट बघणं यात बसत नाही.

एका बंद पेटीत कव्हरऑल म्हणजे अंगभर झाकणारा पोशाख, एन-९५ मास्क, चष्मे, दोन जोड हातमोजे, गमबूट, जाड प्लास्टिकच्या पिशव्या आणि सोडियम हायपोक्लोराईट हे जंतुनाशक कायम भरून ठेवा. घालणं सोपं असतं, धोका काढताना असतो. घामाने चष्म्यावर वाफ धरलेली असते, जीव गुदमरलेला असतो, आणि हात आपोआप मास्ककडे जातो. बाहेरचे हातमोजे आधी, मग कव्हरऑल आतली बाजू बाहेर गुंडाळत, मग चष्मा, आणि मास्क अगदी शेवटी. दर टप्प्यावर हात धुवायचे. महिन्यातून एकदा कंपाउंडरला समोर उभं करून हे करून बघा; मी बघतो, आणि दर वेळी काहीतरी चुकलेलं सापडतं.

टेबल आणि फरशी आधी साबणाच्या पाण्याने घासायची, मग २ टक्के हायपोक्लोराईट. विष्ठा-पिसांवर तसंच ओतलेलं जंतुनाशक वाया जातं.

कळवायचं कुणाला, नमुने कोण घेणार

२००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंध व नियंत्रण कायद्यात बर्ड फ्लू हा अनुसूचित, म्हणजे कळवणं बंधनकारक असलेला रोग आहे. पक्ष्याच्या मालकाने संशय येताच गावातला अधिकारी किंवा ग्रामपंचायतीला कळवायचं आणि आजारी पक्षी वेगळे करायचे. पशुवैद्यकाने वर कळवायचं. खासगी डॉक्टरही यातून मोकळा नाही. तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना लगेच फोन करा, आणि त्याच दिवशी लेखी पत्र देऊन पोच घ्या. पत्रात मालकाचं नाव, गाव, एकूण पक्षी, मेलेले पक्षी, लक्षणं आणि तुम्ही पाहिल्याची वेळ असावी. १९६२ या टोल फ्री क्रमांकावरही सांगता येतं. कावळे, बगळे असे रानपक्षी मेले असतील तर वन विभागालाही कळवा.

दवाखान्यात मेलेला पक्षी फाडून पाहू नका. खासगी प्रयोगशाळेकडेही पाठवू नका. नमुने सरकारी पथक घेतं: मेलेले पक्षी अख्खेच, शिवाय घशाचे आणि गुदद्वाराचे स्वॅब, तिहेरी वेष्टनात, बर्फावर, माणसाच्या हाती. ते पुण्याच्या रोग अन्वेषण विभागातून जातात आणि अंतिम निदान भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होतं. पक्षी हाताळलेल्या सगळ्यांची, त्या आजींसारख्या माणसांचीही, नावं आणि फोन लिहून आरोग्य विभागाला द्या. पुढचे दहा दिवस ताप, खोकला, डोळे लाल होणं याकडे लक्ष ठेवायचं असतं. प्रतिबंधक औषध द्यायचं का, ते आरोग्य विभागाचे डॉक्टर ठरवतात.

भरपाई कुणाला मिळते

शेतकरी रोग लपवतो तो नुकसानीच्या भीतीपोटी, म्हणून हा भाग त्याला आपणच नीट सांगायला हवा. रोग पक्का झाला की साधारण एक किलोमीटरचा परिसर बाधित क्षेत्र ठरतो आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवली जाते. बाधित क्षेत्रात पथकाने नष्ट केलेले पक्षी, अंडी आणि खाद्य यांची भरपाई मिळते. तिचा भार केंद्र आणि राज्य निम्मा निम्मा उचलतात. रोगाने आधीच मेलेल्या पक्ष्यांना मात्र एक रुपयाही मिळत नाही. मंगळवारी कळवलं असतं तर शंभर पक्षी भरपाईत धरले गेले असते. शुक्रवारी कळवलं तर त्यातले ऐंशी मेलेले असतात. ही साधी बेरीज-वजाबाकी मी आता प्रत्येक कोंबडीवाल्यापुढे कागदावर मांडतो.

२०२१ मध्ये राज्याने जाहीर केलेले दर असे होते: अंड्यावरची कोंबडी आठ आठवड्यांपर्यंत २० रुपये, त्यावरची ९०, मांसल कोंबडी सहा आठवड्यांपर्यंत २०, त्यावरची ७०, अंडं ३ रुपये, खाद्य किलोला १२ रुपये. सध्याचा दर तालुक्याच्या कार्यालयातून लेखी विचारून घ्या.

सगळा आधार पंचनाम्याचा. त्यात जात, वय आणि संख्या वेगवेगळी लिहिलेली असली पाहिजे, कारण दर त्यावरच ठरतो. नुसतं ‘कोंबड्या ४००’ असं लिहिलेल्या पंचनाम्यावर मालकाने सही करू नये. पिल्लं आणि खाद्य खरेदीच्या पावत्या, शेडची रोजची नोंदवही, आधार कार्ड आणि स्वतःच्या नावाचं बँक पासबुक जवळ ठेवावं. परसात दहा कोंबड्या पाळणाऱ्या बाईकडे पावत्या नसतात, पण तिचाही हक्क तेवढाच आहे. पथक येईल तेव्हा तिच्या घरी शक्य असेल तर आपण जाऊन उभं राहावं, पक्षी तिच्यासमोर मोजून घ्यावेत आणि पंचनाम्याची प्रत तिच्या हातात पडेपर्यंत तिथून हलू नये.