खिशातल्या चाकूची घडण: चार नडींचा इतिहास

रोज खिशात ठेवायला घडीचा चाकू घ्यायचा म्हटले की निवड चार गोष्टींपाशी अडते: पाते केवढे, पोलाद कोणते, उघडे पाते मिटू न देणारे लॉक हवे की नको, आणि एका हाताने उघडता यायला हवा का. हे प्रश्न एकाच वेळी उभे राहिले नाहीत. प्रत्येकामागे कुणा कामकऱ्याची नड होती. ती नड आपली आहे का, एवढे पाहिले तरी निम्मी निवड होऊन जाते.

घडीचे पाते फार जुने. ऑस्ट्रियातल्या हालश्टाटला हाडाच्या मुठीचा असा चाकू सापडला आहे, ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकाच्या आसपासचा. रोमन लोकांकडेही घडीचे चाकू होते. पण त्या काळचे पाते एका खिळ्यावर नुसते फिरायचे. मुठीच्या पाठीत स्प्रिंग बसवून पाते उघडे किंवा मिटलेले घट्ट धरायची रीत सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या शेफील्डला रुळली. डोंगरउतारावरचे ओढे, त्यांवर फिरणारी पाणचक्की आणि धारेला लागणारा वालुकाश्म, सगळे तिथे हाताशी होते. चाकू-कात्री करणाऱ्यांची संघटना तर तिथे 1624 सालीच कायद्याने स्थापन झाली होती.

स्प्रिंगची गोष्ट पुढे पोलादाशी जाऊन भिडते. बेंजामिन हंट्समन हा घड्याळजी. घड्याळाच्या स्प्रिंगला एकजिनसी पोलाद मिळेना, म्हणून 1740 च्या दशकात त्याने बंद मुशीत पोलाद वितळवण्याची पद्धत बसवली. शेफील्डच्या कारागिरांना ते पोलाद आधी फार कठीण वाटले. फ्रान्समध्ये त्याची पाती खपू लागल्यावर मात्र त्यांनी ते आपलेसे केले. मुशीतले पोलाद दक्षिण भारतात त्याच्या कितीतरी शतके आधी होत होते, हे इथे सांगायलाच हवे. लंडनचा चाकू आणि शस्त्रक्रियेची हत्यारे करणारा जेम्स स्टोडार्ट या भारतीय ‘वुट्झ’ पोलादाचा मोठा चाहता होता आणि 1820 च्या सुमारास त्याने मायकेल फॅरडेबरोबर त्यावर प्रयोगही केले.

त्या काळातले छोटे चाकू मुख्यतः पिसाची लेखणी तासायला लागत. आपल्याकडे बोरूला टोक काढायला चाकू लागे, तसेच ते काम. दोन-अडीच इंचांचे पाते पुरेसे, लॉकची गरज शून्य. आजही शहरात राहणाऱ्याचे बहुतेक काम याच मापात बसते: पार्सलची चिकटपट्टी, सुतळी, फळ, पेन्सिल.

शेतकऱ्याची नड वेगळी होती. फ्रान्सच्या साव्हॉय प्रांतात अल्बिए-ल-व्ह्यू या डोंगरी गावाजवळ ओपिनेल घराणे कुऱ्हाडी-कोयते घडवायचे. त्यातल्या जोसेफने 1890 साली, अठराव्या वर्षी, एक साधा चाकू केला: लाकडाची गोल मूठ, तिला पाडलेली खाच, पाते आणि एक खिळा. 1897 पर्यंत त्याची 1 ते 12 अशी बारा मापे झाली. त्यातले 8 नंबरचे, साडेआठ सेंटिमीटर पात्याचे, आजही सर्वाधिक ओळखीचे. जोर लावताना पाते मिटून बोटावर येऊ नये म्हणून 1955 साली मार्सेल ओपिनेलने फिरणारे कडे बसवले. एवढ्या साध्या युक्तीने इतके चोख काम करणारे लॉक दुसरे नाही, असे माझे ठाम मत आहे. उणीव लाकडाची आहे. ओल लागली की मूठ फुगते आणि पाते उघडता उघडत नाही. कोकणात किंवा घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर हा चाकू खिशात ठेवणाऱ्याने हे धरूनच चालावे.

सैनिकाची नड आणखी निराळी. स्विस सैन्याला 1889 ची नवी रायफल मिळाली. ती खोलायला पेचकस हवा आणि शिबिरात डबाबंद अन्न उघडायचे साधनही हवे. म्हणून पाते, पेचकस, डबा उघडणी आणि भोके पाडायची आरी एकत्र असलेला चाकू ठरला. पहिली खेप जर्मनीतल्या झोलिंगेनहून आली, कारण एवढे चाकू करण्याची ताकद स्वित्झर्लंडमध्ये कुणाकडेच नव्हती. इबाख गावच्या कार्ल एल्सेनरला हे सलले. त्याने 1891 मध्ये सैन्याला देशी चाकू दिले. झोलिंगेनचा माल स्वस्त पडत असल्याने या कामात सोबत आलेल्या स्विस कारागिरांनी माघार घेतली. कर्जात बुडण्याची वेळ आली तरी तो मागे हटला नाही. 1897 साली त्याने एकाच स्प्रिंगच्या दोन्ही अंगांना अवजारे बसवून अधिकाऱ्यांसाठी हलका चाकू नोंदवला, आणि त्यानेच धंदा तारला. सैन्य तो चाकू देत नसे. अधिकारी पदरचे पैसे घालून घेत. आईच्या मृत्यूनंतर, 1909 मध्ये, त्याने कारखान्याला तिचे नाव दिले, व्हिक्टोरिया. न गंजणारे पोलाद आल्यावर 1921 मध्ये त्या नावाला अशा पोलादासाठीचा फ्रेंच शब्द ‘इनॉक्स’ जोडून व्हिक्टोरिनॉक्स झाले.

हे न गंजणारे पोलादही शेफील्डचेच, हॅरी ब्रिअर्लीचे, 1913 चे. ते धार टिकवत नाही, ही समजूत अजून ऐकू येते. सुरुवातीच्या पोलादाबाबत ती खरीही होती. आज व्हिक्टोरिनॉक्स आपले पाते मुद्दाम मध्यम कठीण ठेवते, कठीणपणा मोजणाऱ्या रॉकवेल मापावर सुमारे 56. धार लवकर जाते, पण साध्या दगडावर पाच-दहा मिनिटांत परत येते. नव्या महाग पोलादांची धार पुष्कळ टिकते. मात्र ती लावायला हिऱ्याच्या कणांची पट्टी आणि सवय दोन्ही लागते. धार लावायची सवय नसलेल्याने मऊ पोलाद घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

लॉक आणि एका हाताने उघडणे, या उरलेल्या दोन प्रश्नांना जोर अमेरिकेतून मिळाला. बक या कंपनीचा 110 नंबरचा, पाठीवर लॉक असलेला चाकू 1960 च्या दशकात शिकाऱ्यांत पसरला. तो जड, म्हणून पट्ट्याला म्यानात अडकवायचा. 1981 साली स्पायडर्को या कंपनीने पात्याला गोल भोक आणि मुठीला क्लिप दिली. दोर धरलेला किंवा शिडीवर चढलेला माणूस आता एका हाताने चाकू काढून उघडू शकला. स्विस सैन्यानेही 2008 मध्ये लॉकचा, एका हाताने उघडणारा चाकू स्वीकारला.

पण याच सोयी कायद्याच्या नजरेत खुपतात. ब्रिटनमध्ये कारणाशिवाय जवळ बाळगता येतो तो तीन इंचांपर्यंत धारेचा, लॉक नसलेला घडीचा चाकू. आपल्याकडे शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची धारदार शस्त्रे येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठीची हत्यारे त्यातून वगळली आहेत. खिशातला चाकू या मापाच्या आसपासही जात नाही. तरी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम 37 लागू असेल, तर मनाई आदेशात चाकू-सुरेही येऊ शकतात. सण, निवडणुका, मोर्चे यांच्या काळात असे आदेश निघतात. त्या दिवसांत चाकू घरी ठेवावा, आणि विमानप्रवासात तो चेक-इनच्या बॅगेत टाकावा.