हलशीचे भूवराह नरसिंह मंदिर

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील हलशी गावचे, कदंब राजघराण्याच्या काळातले विष्णुमंदिर. खानापुराहून नंदगडमार्गे येथे जाता येते. तालुका मराठीबहुल असल्याने वाट विचारायला भाषेची अडचण पडत नाही.

हलशी म्हणजे प्राचीन पलाशिका, बनवासीच्या कदंबांची दुसरी राजधानी. येथे सापडलेल्या ताम्रपटांत काकुस्थवर्मा, मृगेशवर्मा, रविवर्मा आदी राजांच्या काळात जैनांना मिळालेल्या दानांची नोंद आहे. आजचे मंदिर मात्र कित्येक शतकांनंतरचे, गोव्याच्या कदंबांच्या काळचे. येथील शिलालेखात त्यांच्यातल्या शिवचित्त पेरमाडी या राजाचे नाव येते. त्यातला काळ कलियुगाच्या वर्षांत मोजलेला असून तो इ. स. ११६९च्या सुमारास येतो. पेरमाडीचा भाऊ विजयादित्य विष्णुचित्त याचाही या देवस्थानाशी संबंध होता. एकाचे बिरुद शिवाचे, दुसऱ्याचे विष्णूचे, आणि राज्य दोघांचे!

मंदिराचे खरे वेगळेपण आतल्या मांडणीत आहे. दोन गाभारे समोरासमोर असून मधे मंडप आहे. एका गाभाऱ्यात भूदेवीला उचलून धरलेला वराह उभा आहे, तर दुसऱ्यात विष्णू बसलेला आहे. नरसिंह, सूर्य आणि महालक्ष्मी यांच्याही मूर्ती येथे आहेत. एका देवाला हात जोडले की दुसऱ्याकडे पाठ होतेच, त्यामुळे नमस्कार करून लगेच बाहेर पडणाऱ्याचे दर्शन अर्धेच राहते. उन्हातून आत आल्यावर डोळ्यांना अंधार सरावेपर्यंत मंडपात बसावे. मग मूर्तीच्या हातातली आयुधे, दागिन्यांची कोरणी एकेक करून दिसू लागते. बाहेर आल्यावर शिखर जरा लांबून पाहावे, म्हणजे वर निमुळते होत गेलेले आडवे थर नीट उमगतात. मंदिर नांदते आहे. पूजा चालू असताना फोटोसाठी पुढे घुसणे बरे नव्हे.

गावात कलमेश्वर, सुवर्णेश्वर ही शिवमंदिरे आहेत. जवळच्या टेकडीवर रामतीर्थ आहे. वाटेवरच्या नंदगडला कित्तूरच्या राणी चेन्नम्माचा लढवय्या संगोळ्ळी रायण्णा याची समाधी आहे. इंग्रजांनी त्याला १८३१ साली येथेच फाशी दिले. गोव्याच्या कदंबांची मंदिररचना आणखी पाहायची असेल त्याने कित्तूरजवळच्या देगावला जावे. पेरमाडीची राणी कमलादेवी हिने बांधवलेले तेथील कमलनारायण मंदिर कोरीवकामात हलशीपेक्षा कितीतरी सरस आहे.